मोटर बंद केल्यानंतरचा तास

आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन, समुद्रात चालू असते तेव्हा तिला मिठाचा फारसा त्रास होत नसतो. असं म्हटलं की बरेच जण माझ्याकडे संशयाने बघतात. अर्धी खाऱ्या पाण्यात बुडालेली, खारं पाणीच आत घेऊन थंड राहणारी मोटर, आणि तिला मिठाचा त्रास नाही? पण पाणी वाहतंय तोवर त्यातलं मीठ पाण्यातच राहतं. पंप खालून पाणी ओढतो, ते सिलिंडरभोवतीच्या वाटांमधून फिरतं, उष्णता घेतं आणि परत समुद्रात पडतं. आत आलेलं मीठ आलं तसं निघून जातं. खरं नुकसान सुरू होतं ते बोट किनाऱ्याला लागल्यावर, चावी फिरवून झाल्यावर, सगळे सामान उतरवण्याच्या गडबडीत असताना.

त्या क्षणी पंप थांबतो, उष्णता मात्र थांबत नाही. सिलिंडरच्या भिंती, हेड, एक्झॉस्टचा भाग अजून चांगलाच तापलेला असतो. ती धग वाहून नेणारं पाणी बहुतेक खाली गळून जातं. मागे उरतो तो भिंतींवरचा ओलावा, कोपऱ्यांतले थेंब, थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापलं की उघडणाऱ्या झडपेच्या, घरात साचलेला घोटभर साठा. भोवतालच्या धातूची सगळी धग आता या उरलेल्या पाण्याला लागते आणि ते आटायला लागतं.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त म्हणजे आपलं नेहमीचं मीठ, बाकीच्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार. लिटरभर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळू शकतं, म्हणजे समुद्रात आहे त्याच्या दहापटीहून जास्त. त्यामुळे वाहत्या पाण्यातून मीठ सुटून बसण्याचा प्रश्नच येत नाही. आटणाऱ्या थेंबाचं तसं नाही. त्यातून क्षार एकेक करून, ठरलेल्या क्रमाने बाहेर पडतात. पहिलं कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, पाण्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला की मीठ, आणि मॅग्नेशियमचे क्षार अगदी शेवटी.

या क्रमाकडे मी इतकं लक्ष का देतो, तर बाहेर पडलेल्या प्रत्येकाला परत पाण्यात जाणं सारखं सोपं नसतं. मीठ पाणी मिळताच विरघळतं. जिप्सम लिटरमागे दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, तेही सावकाश. कार्बोनेट तर साध्या पाण्याला दादच देत नाही. आतून ओली असलेली मोटर गोड्या पाण्याने धुतली तर हे सगळंच वाहून जातं. तीच मोटर आठ दिवसांनी धुतली तर मीठ जातं आणि पांढरी खपली मागे राहते. पुढच्या खेपेला तिच्यावर आणखी एक थर. म्हणून ‘धुतो की मी, महिन्यातून एकदा चांगली तासभर धुतो’ असं कुणी सांगितलं की मला वाईट वाटतं. मेहनत तो करतोच आहे, फक्त वेळ निघून गेल्यावर.

आटून कोरडं झालं म्हणजे गंज थांबला, असंही नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. समुद्राजवळची हवा याहून कोरडी क्वचितच असते. बाहेरून ठणठणीत कोरडी दिसणारी, झाकण घालून ठेवलेली मोटर आतून महिनोन्‌महिने दमट राहू शकते, आणि तो दमटपणा साध्या पाण्याचा नसतो. अतिशय तीव्र, धातू खाणाऱ्या खाऱ्या द्रावाचा तो पातळ थर असतो. भिंतीला लोणा लागला की वरून कितीही रंग काढा, आतून तो फुलतच राहतो, तशातली ही गत.

मोटरचा बराचसा भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. ॲल्युमिनियम हवेत स्वतःवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ पापुद्रा तयार करतं आणि त्याच्या आडोशाने टिकून राहतं. मिठातलं क्लोराइड नेमकं हा पापुद्रा ठिकठिकाणी फोडतं. लोखंडासारखा सगळीकडे सारखा गंज इथे चढत नाही. बारीक खड्डा पडतो, खड्ड्याच्या तळाशी आम्लता वाढते, आणि तो आडवा पसरण्याऐवजी खोल जात राहतो. वरून टाचणीच्या टोकाएवढं भोक, आत पोकळी. गॅस्केटच्या कडेला, खपलीच्या खाली, बोल्टच्या मुळाशी, जिथे पाणी साचतं आणि हवा पोचत नाही, तिथे हे सगळ्यात वेगाने होतं.

दुरुस्तीला आलेल्या अशा एका मोटरचं थर्मोस्टॅटचं झाकण उघडण्याचा प्रसंग मला चांगला आठवतो. वय फार नव्हतं, रंग चकचकीत, स्टिकरसुद्धा जागच्या जागी. तक्रार एवढीच की वेग वाढवला की गरम झाल्याचा भोंगा वाजतो. झाकणाला चार बोल्ट. पहिल्याला पाना लावला तेव्हा तो आधी किंचित सरकल्यासारखा वाटला. बोल्ट फिरत नव्हता, पिळत होता. हाताला हा फरक कळतो. सुटणारा बोल्ट एकदम ‘टक्‌’ करून मोकळा होतो, पिळणारा मात्र मऊ लागतो. तिथेच थांबलो. गंज सैल करणारं तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी भोवतालचं ॲल्युमिनियम सावकाश तापवलं आणि पाना एकदा घट्ट, एकदा सैल, असा पाव-पाव वळणाने हलवत राहिलो. तीन बोल्ट आले. चौथ्याचं डोकं तुटून हातात आलं आणि बाकीचा आतच राहिला. स्टीलचा बोल्ट तसा शाबूत होता. त्याला धरून ठेवलं होतं ते ॲल्युमिनियमच्या गंजाने. ती पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांमध्ये फुगून बोल्टला जखडून टाकते.

झाकण निघालं तेव्हा आत थर्मोस्टॅट दिसतच नव्हता. पांढरट-राखाडी, कडक, दाणेदार पेंड भरलेली होती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावलं की तिचे पापुद्रे सुटायचे आणि पापुद्र्यांच्या खाली अजून ओल होती. स्प्रिंग गाडली गेली होती, झडप अर्धवट उघडी अडकलेली. सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेत बोट जायला हवं तिथे जेमतेम पेन्सिल जात होती. याच मॉडेलची, वयाने याहून जुनी अशी दुसरी मोटर मी नंतर उघडली. तिच्या आतल्या भिंती राखाडी, स्वच्छ होत्या, ओतकामाची मूळ खरबरीत पोत अजून दिसत होती. पहिली समुद्रावरून आली की तशीच झाकून ठेवायचे, दुसरी रोज धुतली जायची. दोन्ही एकाच समुद्रात चालत होत्या.

मुळात आउटबोर्डला समुद्राचं पाणी आत घ्यावंच का लागतं? गाडीत रेडिएटर असतो, आत बंद फेऱ्यात फिरणारा कूलंट असतो. मोठ्या बोटींच्या आतल्या इंजिनांमध्येही बरेचदा हीट एक्स्चेंजर असतो, म्हणजे खारं पाणी बाहेरच्या बाहेर कूलंटची उष्णता घेतं आणि इंजिनच्या ब्लॉकपर्यंत पोचतच नाही. आउटबोर्ड बोटीच्या मागच्या फळीवर टांगायची असते. तिथे किलोकिलोचा हिशोब असतो आणि खाली थंड पाणी हवं तितकं असतं. मग रेडिएटरचं ओझं कशाला? या मोटरींच्या जन्मकथेतली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये दीड अश्वशक्तीची मोटर बाजारात आणली आणि आउटबोर्ड लोकांच्या हाती पोचली. हे घडलं अमेरिकेतल्या मिलवॉकीत, मिशिगन तळ्याच्या काठी, गोड्या पाण्याच्या मुलखात. तळ्यातलं पाणी आत घेऊन तळ्यात सोडणं तिथे पूर्णपणे निर्धोक होतं. समुद्रावर तीच सोय वापरायची तर तिची एक बाकी रोज चुकवावी लागते, आणि ती गोड्या पाण्यानेच चुकवता येते.

मोटर बनवणाऱ्यांनी आपल्या बाजूने बरंच केलेलं आहे. गाडीतला थर्मोस्टॅट ऐंशी-नव्वद अंशांना उघडतो, आउटबोर्डमधला साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसलाच. याला कारण आहे. कॅल्शियमचे ते दोन हट्टी क्षार थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतात आणि तापलेल्या भिंतीवरच जाऊन बसतात. मोटर थोडी थंड ठेवली की खपली धरायचं प्रमाण घटतं. धातूला लेप असतात, रंगाचे थर असतात, झिंकचे म्हणजे जस्ताचे तुकडे असतात. पण बंद झाल्यानंतरचा तो तास कारखान्याच्या हातात नसतो.

धुण्याच्या पद्धती तीन, आणि तिन्हींबद्दल माझी मतं ठाम आहेत.

सगळ्यात जुनी म्हणजे मफ. स्प्रिंगच्या दांडीने जोडलेल्या दोन रबरी वाट्या असतात, त्या मोटरच्या पायावरच्या पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर दोन्ही बाजूंनी बसवायच्या आणि नळी जोडायची. आधी पाणी सोडायचं, वाट्यांच्या कडेने ते थोडं उसळून बाहेर यायला लागलं की मग मोटर सुरू करायची. बंद करताना उलट, आधी मोटर, मग नळ. हा क्रम हलका धरू नका. वॉटर पंपातला इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, रबराचा असतो आणि पाणी हेच त्याचं वंगण. कोरडा फिरला तर मिनिटाच्या आतबाहेर त्याची पाती जळू लागतात. पाती तुटली की तुकडे वर वाटांमध्ये जाऊन अडकतात आणि ते शोधण्यासाठी अर्धी मोटर उघडावी लागते. गिअर न्यूट्रलमध्ये, वेग आयडलचाच म्हणजे सगळ्यात कमी, पंख्याजवळ म्हणजे प्रोपेलरजवळ कुणी उभं नाही, शक्य तर पंखा काढूनच ठेवलेला. आणि हे सगळं मोकळ्या हवेत, बंद शेडमध्ये कधीच नाही. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. काही मोटरींना पाणी ओढण्याची आणखी एक जाळी इतरत्र असते, ती चिकटपट्टीने झाकली नाही तर पंप तिथून हवा ओढत बसतो.

दुसरी, नव्या मोटरींवर असलेलं फ्लशिंगचं, म्हणजे आतून धुण्याचं तोंड. नळी थेट त्यावर आट्यांनी बसते. यात बहुतेक मोटरींना इंजिन बंद ठेवायचं असतं, कारण पाणी पंपाच्या वरून आत शिरतं आणि खाली इंपेलर कोरडा राहतो. काही उत्पादक आयडलवर चालू ठेवायची मुभा देतात. इथे शेजारच्या बोटवाल्याचा सल्ला न घेता आपल्या मोटरची पुस्तिका उघडावी, कारण त्याची मोटर वेगळी असते.

तिसरी पद्धत लहान मोटरींची, पिंपात पाय बुडवून चालवायची. पाण्याची पातळी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या चांगली वर हवी. ही पद्धत मला आवडते, पण तिच्यात एक खोट आहे. धुऊन निघालेलं मीठ त्याच पिंपात पडतं आणि तेच पाणी पुन्हा वर जातं. एक्झॉस्टही तिथेच सुटतो, पाणी तापतं आणि काळं होतं. म्हणून पिंपात नळी सोडून ठेवावी आणि वरून पाणी वाहू द्यावं, नाहीतर मध्ये एकदा पाणी बदलावं.

किती वेळ, हा प्रश्न सगळे विचारतात. धुणं म्हणजे खारटपणा टप्प्याटप्प्याने पातळ करत नेणं. आतल्या वाटांत जेवढं पाणी मावतं तेवढंच गोडं पाणी एकदा आत गेलं की दोन्ही मिसळतात आणि, मिश्रण नीट झालं असं धरलं तर, मूळ खारटपणाचा साधारण ३७ टक्के भाग उरतो. पाच मापं गेली की एक टक्क्याहून कमी. मोटरच्या आत पाणी फार मावत नाही, त्यामुळे हिशोबाने हे काम दोन-तीन मिनिटांत व्हायला हवं. प्रत्यक्षात पाणी सगळीकडे सारखं फिरत नाही. सेन्सरच्या खोबणी, बोल्टची भोकं, आंधळे कोपरे यांतलं मीठ मुख्य धारेत यायला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटांचा जो प्रघात आहे तो या कोपऱ्यांसाठी, आणि मला तो योग्य वाटतो.

त्यात थर्मोस्टॅटची एक अडचण आहे. मोटर गार झाली की तो मिटतो. मिटलेल्या थर्मोस्टॅटमागच्या वाटांमध्ये गोडं पाणी पूर्ण ताकदीने फिरतंच असं नाही, ते मधल्या पळवाटेने बाहेर पडू शकतं. बाहेर धार छान दिसते, म्हणून आपण निश्चिंत होतो. माझा रिवाज असा, की रोज परतल्यावर फ्लशिंगच्या तोंडातून मोटर बंद ठेवून धुवायची, आणि अधूनमधून मफ लावून आयडलवर चालवायची, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत. तो उघडला की धारेचं पाणी हाताला कोमट लागतं. त्यानंतर आणखी थोडा वेळ चालू द्यायची.

या धारेवर माझा फार जीव आहे. काउलिंगच्या, म्हणजे मोटरवरच्या आवरणाच्या, खालून बाहेर पडणारी ती बारीक धार म्हणजे आतल्या प्रकृतीची एकमेव खूण. बारीक झाली, फेसाळ झाली, थांबत थांबत यायला लागली, की आत काहीतरी चाललंय. पुष्कळदा भोकात नुसता वाळूचा कण किंवा मिठाचा खडा अडकलेला असतो आणि मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याचा जाडसर तुकडा आत सरकवला की मोकळं होतं. धुऊन झाल्यावर मोटर तशीच उभी ठेवावी, सगळं पाणी खाली गळू द्यावं, आणि मगच वर उचलावी. आडवी करून ठेवलेल्या मोटरीत धुतल्यानंतरचं पाणी नको तिथे साचतं.

पाण्याने जे साधत नाही त्यासाठी झिंक. मोटरच्या पायाला, ब्रॅकेटला आणि बऱ्याच फोर-स्ट्रोक मोटरींमध्ये ब्लॉकच्या आतसुद्धा झिंकचे किंवा ॲल्युमिनियमच्या खास मिश्रधातूचे तुकडे बसवलेले असतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यातला एक झिजतो आणि दुसरा वाचतो. झिजायचं काम या तुकड्यांना दिलेलं असतं. ही कल्पना दोनशे वर्षांपूर्वीची आहे. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे असत आणि समुद्राचं पाणी ते खाऊन टाकी. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये दाखवून दिलं की तांब्याला झिंकचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडला की तांबं झिजायचं थांबतं. ते थांबलंही. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच शिंपले आणि शेवाळ जहाजाला धरत नव्हतं. तांबं वाचलं, तळाला जंगल वाढलं, जहाजं मंदावली, आणि नौदलाने तो उपाय गुंडाळला. प्रयोग पूर्ण यशस्वी होऊन उपाय फसल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. आपल्या मोटरींपुरता मात्र डेव्हींचा तुकडा अजून इमानाने काम करतो. त्याला रंग लावू नका, ग्रीस लावू नका, आणि अर्धा झिजला की बदला. वर्षभर वापरूनही तो नवाकोरा दिसत असेल तर आनंद मानू नका. त्याचा धातूशी संपर्क तुटलेला आहे आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी झिजतंय.

‘रोज समुद्रावर जाणारे कुठे धुतात? त्यांच्या मोटरी वर्षानुवर्षं चालतात,’ हा आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि तो खोटा नाही. पण रोज चालणाऱ्या मोटरीच्या आतलं पाणी पुरतं आटण्याआधीच दुसऱ्या दिवशीचं पाणी आत येतं. खपलीला निवांत बसायला सवडच मिळत नाही. शिवाय ती मोटर तासांनी झिजते, पिस्टन-रिंगा गंजाच्या आधी जातात. सुटीच्या दिवशी एकदा समुद्रावर नेऊन मग पंधरा दिवस झाकून ठेवलेल्या मोटरीची गोष्ट वेगळी. तिचं आयुष्य बहुतेक विश्रांतीतच जातं आणि मीठ नेमकं त्याच काळात काम करतं. कमी वापरणाऱ्याने जास्त निष्ठेने धुवायला हवं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

जिथे बोट कायम पाण्यातच उभी असते आणि नळ जवळ नसतो, तिथे थोडा विचार करावा लागतो. मोटरच्या पायाभोवती अडकवायची जाड पिशवी मिळते. ती लावून डब्यांतून आणलेलं गोडं पाणी तिच्यात भरायचं आणि पिंपासारखीच मोटर चालवायची. ते पाणी थोडं, त्यामुळे पहिल्यांदा खारट झालेलं टाकून पुन्हा भरायचं. तेही जमत नसेल तर निदान मोटर सरळ ठेवून सगळं गळू द्यावं, आणि जेव्हा नळापाशी जाता येईल तेव्हा आत खपली धरली आहे असं गृहीत धरूनच चालावं. खपली विरघळवणारी द्रावणं मिळतात, त्यांचा उपयोगही होतो. नुसतं व्हिनेगर ओतण्याचा सल्ला मात्र मी देत नाही. ते कार्बोनेट विरघळवतं हे खरं, पण आत जास्त वेळ राहिलं तर ॲल्युमिनियमलाही सोडत नाही.

जुनी मोटर विकत घ्यायला कुणी मला सोबत नेलं, की मी ती किती तास चालली ते नंतर विचारतो. आधी ती कुठे ठेवलेली असते ते बघतो, तिथून नळ किती लांब आहे ते बघतो, नळी आहे का आणि ती वापरातली दिसते का ते बघतो. मग पंखा काढून आसाला ग्रीस आहे की पांढरी भुकटी ते पाहतो, झिंक पाहतो, आणि शेवटी थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट सोडायची परवानगी मागतो. बोल्ट सरळ सुटले तर निम्मी खात्री तिथेच पटते. मालक झाकण उघडूच देत नसेल, तर मी सोबत आलेल्याला मोटर घेऊ नको म्हणून सांगतो.